जंतांचा खोकला

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले आणि वर्षभरात खोकायला लागले. आमच्या चाळीत वैद्यकशास्त्र सगळ्यांनाच येत असे, त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याआधीच मला क्षय झालेला होता. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं आणि शेजारणींना हळू आवाजात, पण मला नीट ऐकू जाईल असं सांगितलं, "हिच्या माहेरचंच असणार."

माझं माहेर खडवलीचं. तिथे कुणाला क्षय झाल्याचं ऐकिवात नव्हतं, पण मला विचारतंय कोण?

शेवटी हे मला ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी छातीचा फोटो काढवला, बोटातलं रक्त काचेवर पसरलं आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहत राहिले. मग मलाही पाहू दिलं. लालभडक दाण्यांनी गच्च भरलेल्या गोल पेशी दिसल्या.

"या इओसिनोफिल," ते म्हणाले. "एरवी थोड्याच असतात. न धुतलेल्या भाजीपाल्यातून जंत अंगात शिरले की यांची अशी झुंबड उडते. क्षय नाही, बाई. जंतांची पिल्लं आतड्यात पोचण्याआधी फुप्फुसातून जातात, त्याचा हा खोकला."

"मग या पेशी जंतांना खातात?"

"एवढा मोठा जंत कशा खातील? काय करतात, ते अजून कुणाला नक्की ठाऊक नाही."

पुष्कळ वर्षांनी वाचलं, की त्या पेशी जंताला चिकटतात आणि आपल्या दाण्यांतलं विष त्याच्यावर ओततात. त्यात आपलं अंगही होरपळतं. अशी माणसं मी घरातच पाहिली होती, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही.

क्षय नाही हे ऐकून घर आनंदेल असं मला वाटलं होतं. सासूबाईंनी आधी दार लावून घेतलं.

"जंत? आपल्याकडे? बाहेर बोलू नकोस हो कुठे!"

क्षय त्यांना चालला असता. तो मोठमोठ्या माणसांनाही होतो. त्यातून डॉक्टरांनी औषध सगळ्या घराला दिलेलं. सोवळ्यातल्या सासूबाईंनी ते "तुझ्या समाधानासाठी" म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संडासातून बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक पडून. दुपारी त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून कोथिंबीर मी धुईन."

हळूहळू माझा खोकला गेला. शेजारणी चौकशीला आल्या, तेव्हा सासूबाईंनी मान ताठ करून सांगितलं, "इओसिनोफिलिया होता तिला." जंतांचा उच्चार नाही. एवढं लांबलचक इंग्रजी दुखणं चाळीत आजवर कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. समोरच्या काकू उठता उठता म्हणाल्या, "मलाही तेच असणार बाई. कधीपासून दम लागतोय."