चिमूटभर मीठ

वडखळच्या नाक्यावर खड्या मिठाच्या गोण्या दिसल्या की आजही माझ्या जिभेवर त्या पाण्याची चव येते.

नव्वदच्या दशकात मी पेणजवळ खाडीकाठच्या गावांत नर्स होते. मिठागराशेजारच्या वस्तीत एकही संडास नव्हता. उन्हाळ्यात उघड्या विहिरीचा तळ दिसू लागला की घरोघरी पोरं जुलाबानं पडत.

अशाच एका दुपारी मिठागरावर राबणारी सुगंधा, मी शिकवलेलं साखर-मिठाचं पाणी करून, आपल्या वर्षभराच्या मुलाला पाजत होती. त्याचे डोळे खोल गेले होते, तरी तो मान फिरवत होता. मी एक घोट घेतला आणि थुंकले. नुसती खाडी!

“मीठ किती घातलंस गो?”

“मूठभर. आमच्याकडं मिठाला तोटा नाय, बाई. पोराला देताना हात कशाला आखडायचा?”

ते ओतून मी नवं पाणी केलं. चमच्याचमच्यानं पोर प्यायलं, वाचलं.

तेव्हा मला तिच्या मुठीचा राग आला होता. आता आठवतं ते त्यानंतरचं. “चिमूट अशी धरायची,” मी दाखवलं. सुगंधानं हात पुढे केला. मिठानं चिरलेली, ताठरलेली तिची बोटं एकमेकांना टेकतच नव्हती.