दुसऱ्या आवाजातली मी

नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात मी वाढले, आणि तिथल्या देवळातल्या क्वायरमध्ये दुसरा आवाज गायचे. पहिल्या आवाजाचं काम सोपं. गीताची चाल तोच गातो, घरी जाताना लोक गुणगुणतात ती त्याचीच. आम्ही दुसऱ्या आवाजाच्या मुली तिच्या खालून चालायचो, कुणा एकीचा आवाज वेगळा ऐकू येऊ न देता. आमची ओळ एकटी ऐकलीत तर म्हणाल, हे काय रडगाणं! थोडं वर, थोडं खाली, मग तिथेच घुटमळणं. पण वर चाल आणि खाली आम्ही असं जुळलं की अंगावर काटा यायचा. माझा आवाज जाड, स्वभाव भांडकुदळ. बोर्डिंगात माझ्या कशाचीच अशी वाखाणणी होत नव्हती. या एका गोष्टीची मात्र व्हायची.

लढाईच्या दिवसांत माझं लग्न झालं आणि मी राहात्याकडच्या एका खेड्यात गेले. आमचे हे तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर. ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि उपासना शाळेच्याच खोलीत. गीतं तीच, चालीही त्याच, फक्त टाळाच्या ठेक्यावर ओढून ओढून म्हणायच्या, आणि सगळ्यांनी मिळून एकच चाल. पहिल्या रविवारी गीत सुरू झालं आणि मी सवयीनं दुसरा आवाज लावला. चांगला खणखणीत लावला. पुढच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर सासूबाईंनी जवळ बसवून विचारलं, "पोरी, तुला चाल येत न्हाई व्हय? मग बोर्डिंगात येवढी वर्सं केलं काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "आत्याबाई, चाल येते मला. ही दुसऱ्या आवाजाची ओळ आहे."

"दुसरी कशाला? गानं तर एकच हाय."

कपाळ माझं! ह्यांच्याकडे बघितलं, तर हे चपला झटकत बसलेले. ह्यांना गाण्याचं अंगच नव्हतं. "तिकडं चालतं ते," एवढंच म्हणाले, "इथं लोक हसतात."

मग मी उपासनेत गप्प राहायला लागले. पाटाच्या पाण्यावर धुणं धुताना मात्र दुसरा आवाज गायचे, विसरू नये म्हणून. नगरला कधी जाणं झालं तर आपल्या जागेवर उभं राहता आलं पाहिजे, एवढीच एक आस होती. वरची चाल मनात धरायची आणि खालची ओळ तोंडानं म्हणायची. शेजारच्या दगडावरच्या बायांना वाटायचं, मास्तरीणबाईंना माहेरची आठवण आली, रडतायत. तसं बघितलं तर खोटं नव्हतं ते. एकट्यानं रडता येतं, एकट्यानं चालही म्हणता येते. दुसरा आवाज एकट्यानं गाण्यासारखं भकास काही नाही. मला कुणीतरी वर गाणारं हवं होतं. माणसं होती, माया होती, पोटभर भाकरी होती, आणि तरी मी त्या गावात अगदी एकटी होते.

सासूबाईंना माझं गप्प बसणं बघवेना. सून लोकांत हसं होऊन बसली, याचं त्यांना फार लागलं होतं. रोज पहाटे जात्यावर समोर बसवून त्या मला चाल शिकवायला लागल्या. एक ओळ त्यांनी म्हणायची, एक मी. मी खाली घसरले की जातं थांबवायच्या. "आं आं, वर ये, वर ये." रागवायच्या नाहीत कधी. त्यांच्या मायेपुढं माझं भांडण लुळं पडलं. हळूहळू मला त्यांच्यासारखं ओढून म्हणता यायला लागलं. पाटावरचं माझं गाणं कधी थांबलं, तेही मला कळलं नाही. उपासनेत आता कुणी मान वळवत नव्हतं. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या सुनंला आता लई झ्याक गाता येतंय."

पुढं एका नाताळाला आम्ही दोघं नगरला गेलो. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायची. देवळात शिरते तोच क्वायर शिकवणाऱ्या बाईंनी मला दारातच गाठलं. दुसऱ्या आवाजाच्या एका मुलीचा घसा बसला होता. "बरी आलीस! चल, उभी राहा तुझ्या जागेवर." मला इतका आनंद झाला की ह्यांना सांगायचंही भान राहिलं नाही.

पेटीनं सूर दिला. मी तोंड उघडलं आणि बाहेर आली ती चाल. वरची चाल, तीही सासूबाईंची, ओढून ओढून. बाईंनी हात खाली करून खुणावलं. मी खाली यायला बघितलं, तर खाली काही सापडेचना. शेजारच्या मुलीच्या आवाजाला धरावं म्हटलं, तर दोन शब्द जमायचे आणि जीभ परत वर पळायची. आजूबाजूच्या मुली चपापून बघत होत्या. गीत संपेस्तोवर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या गीताला मी तोंडच उघडलं नाही.

उपासना सुटल्यावर बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग गीतांची पुस्तकं गोळा करायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे फाटकापाशी वाट बघत होते, चेहरा नुसता फुललेला. "अगं, काय गायलीस! इतक्या जणींत तुझा एकटीचा आवाज ऐकू येत होता. शेजारच्या माणसाला म्हटलं, ही आमची."

दुसऱ्या आवाजाच्या बाईला याहून वाईट काही ऐकवता येत नाही. पण ते ह्यांना कुठून ठाऊक असणार? लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना माझं कौतुक वाटलं होतं. मी नुसतं "हो का" म्हटलं. आम्ही मोटारीच्या अड्ड्याकडे चालायला लागलो. कधी नव्हे ते हे खुशीत तीच चाल गुणगुणत होते, आणि चांगली सुरात. मी त्यांच्या शेजारून चालत मनातल्या मनात तिच्या खाली माझी ओळ धरायला बघत होते. अड्डा आला तरी ती मला सापडली नाही.