गुलाबी रेघ

पालीच्या नाक्यावरून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं, की डाव्या हाताला जांभ्याच्या तीन पायऱ्या उतरून नझीर मिस्त्रीचं गॅरेज. बोर्ड नाही. बोर्ड लावला की माणसं वाचतात आणि आत येतात, आणि माणसं आत आलेली नझीरला खपत नाहीत. गाड्या आलेल्या चालतात. गाडीवाल्याने शहाणपणाचा एक शब्द काढला, की हा पाना खाली ठेवणार, हात पुसणार आणि म्हणणार, "मग तुमीच करा. मी बसतो बाजूला, शिकतो."

असल्या माणसाच्या दारात कुत्रंही फिरकू नये. पण मुंबईहून गोव्याला आणि रत्नागिरीहून घाटावर जाणाऱ्या मोठ्या मोटरसायकली त्याच्याच दारात उभ्या असायच्या, कारण नझीरच्या हाताखालून गेलेली गाडी वाटेत रुसत नसे. माणूस कडू, काम गोड. लोक कडूपणा गिळायचे आणि काम करून घ्यायचे.

त्याच्या तापटपणाला एक जागा हमखास सापडायची. हेल्मेट काढून एखादा पोरगा त्याची दाढी बघणार आणि लगेच हिंदीत सुरू होणार, "चाचा, कितना टाइम लगेगा?" नझीरच्या सात पिढ्या पाली आणि मिरकरवाड्याच्या मधल्या मातीत गेलेल्या. तो वर न बघता म्हणायचा, "मी काय लखनौहून आलोय काय रे? मराठीत विचार, मराठीत सांगतो." मग मराठीतही सांगायचा नाही.

काम झालं की तो एक गोष्ट करायचा, आणि तिच्यावर गिऱ्हाइकं हसायची. कपाटातून नेलपॉलिशची बाटली काढायची, भडक गुलाबी, आणि मागच्या चाकाच्या मोठ्या नटावरून एक बारीक रेघ ओढायची. निम्मी रेघ नटावर, निम्मी चाकाला धरणाऱ्या चिमट्यावर. नट केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसणार. दोन-अडीच लाखांची काळी धिप्पाड गाडी, आणि तिला नवरीसारखं नखरंग. ही बाटली त्याची बायको कुलसुम रत्नागिरीच्या बाजारातून आणायची. तिच्या स्वतःच्या नखाला तिचा थेंब कधी लागला नाही, कारण रंगाखाली पाणी पोचत नाही आणि मग नमाजाआधीची वजू होत नाही. दुकानदार दर खेपेला विचारायचा, "भाभी, हाच शेड?" आणि ती म्हणायची, "हाच. नवऱ्याला आवडतो." दुकानदाराने काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

ही रेघ हौसेची नव्हती. सौदीत, दम्मामला एका ट्रकच्या गॅरेजात नझीरने अकरा वर्षं काढली. तिथे एकदा भरधाव ट्रेलरचं मागचं चाक निखळलं आणि वाळूत एक माणूस मेला. इजिप्तच्या फोरमनने गॅरेजातल्या सहाही जणांना उन्हात उभं केलं आणि विचारलं, "चाक कोणी आवळलं?" त्या दिवशीच्या कागदावर त्याच्या गावाकडच्याच यासीनचं नाव होतं. पण यासीनला मध्येच दुसरीकडे बोलावलं होतं आणि जाताना तो नझीरला म्हणाला होता, "तेवढे नट बघ रे." नझीरने बघितले का? त्याला आठवेना. खरंच आठवेना. आवळले असतील, नसतीलही. तो खाली मान घालून उभा राहिला. यासीनला आठवड्यात घरी पाठवलं, पुन्हा व्हिसा म्हणून मिळाला नाही. आता तो मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या टपांत बर्फ भरतो. दर ईदेला नझीरला मिठी मारतो. त्याला काही माहीत नाही. दम्मामच्या त्या दिवसानंतर नझीरने रेघ मारल्याशिवाय एकही नट सोडला नाही. त्याने आवळलं की नाही, हा प्रश्न पुन्हा कुणी विचारू नये, एवढ्यासाठी.

तर असा हा नझीर मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपवर होता. 'कोकण रोड किंग्ज', चारशे बारा राजे. प्रजा कुठे होती कोण जाणे. लांबच्या प्रवासाला काय न्यावं, कुठला टायर घ्यावा, पेट्रोल कुठलं बरं, असले सल्ले तिथे दिवसभर वाहायचे. ज्याने गाडी दोनदा घाटात नेली तो सल्लागार, ज्याने तीनदा नेली तो गुरू. नझीर टाइप करत नसे, बोलून पाठवायचा. "सामान बांधलं, मागे माणूस बसला, की गाडी दबते आणि चेन आपोआप ताणते. म्हणून रिकाम्या गाडीला ती सैल हवी. दोन बोटं वरखाली हलली पायजे. सैल म्हणजे ढिलाई नाय." त्याच्या बोलण्याच्या हेलावर हसऱ्या तोंडांची रांग लागायची. त्याच दिवशी ग्रुपचा मालक विनीत लिहायचा, "चेन टाईट, तर पिकअप राईट!" आणि त्याला नव्वद अंगठे पडायचे. यमक जुळलं की कोकणात अक्कल कोण विचारतो?

हा विनीत ठाण्याचा. मालगुंडला त्याने बंगला बांधून पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, यात त्याचा हात कोणी धरला नसता. सल्ले मात्र तो ग्रुपवर द्यायचा आणि गाडी नझीरकडे आणायचा. एप्रिलात एका शुक्रवारी त्याने दोन सिलेंडरची गाडी नझीरकडून तपासून नेली, आणि रविवारी बायकोला, शमिकाला मागे बसवून, दोन्ही बाजूंना पेट्या लादून कोल्हापूरला निघाला. आंबा घाटाच्या चढाला चेन तुटली, मागच्या चाकात अडकली, गाडी आडवी झाली. विनीतला खरचटलं. शमिकाचं मनगट मोडलं.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला, लोंबणाऱ्या चेनचा. खाली मजकूर: "पालीच्या नझीर मिस्त्रीने चेन ढिली ठेवली. माझ्या बायकोचा हात मोडला. मित्रहो, पालीला थांबू नका." तो मजकूर विनीतने ग्रुपच्या डोक्यावर टाचून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच दिसणार.

नझीरची मुलगी शिफा फोन घेऊन आली, तेव्हा तो जेवायला बसला होता. मजकूर ऐकून त्याच्या हातातला घास तसाच राहिला. राग नंतर आला. आधी शंका आली. मी नट आवळला होता ना? वय पंचावन्न, नजर अधू. दम्मामचं ऊन पुन्हा डोक्यावर आलं. "फोटो मोठा कर गो," तो म्हणाला. शिफाने बोटांनी फोटो ताणला. चेनच्या मागे नट होता आणि नटावर गुलाबी रेघ होती. चिमट्यावरची निम्मी जागच्या जागी, आणि नटावरची निम्मी पार वर, भलतीकडे तोंड करून.

चेन आवळायची तर आधी हाच नट सोडावा लागतो. म्हणजे त्याच्यानंतर कुणीतरी पाना घातला होता.

"अब्बा, लिव्ह ना," शिफा म्हणाली. त्याने लिहिलं नाही. फोनमध्ये तोंड घालून बोलला, आणि जरा जास्तच बोलला. "ओ किंग! रेघ बघा तुमच्याच फोटोत. मी सोडली तेवा सरळ होती. घरी जाऊन चेन कोणी आवळली ता बायकोसमोर सांगा. चोराच्या उलट्या बोंबा!" शिफाने रेघेभोवती लाल गोल काढून फोटोही टाकला. विनीतचं उत्तर आलं, "अपघातात नट फिरला असेल." नझीर ओरडला, "नट काय भोवरा हाय?" ते रेकॉर्ड झालं, पण गेलं नाही. तोवर विनीतने त्याला ग्रुपबाहेर काढलं होतं. फोटोही पुसला. टाचलेला मजकूर तेवढा ठेवला.

मग दीड महिना मोठ्या गाड्या नझीरच्या दारावरून नुसत्या गेल्या. कामात मान खाली असली तरी आवाजावरून त्याला कळायचं, ही मी बसवलेली, हिची टायमिंग चेन मी बदलली. एकही थांबत नसे. समोरच्या हॉटेलातला गंगाराम चहा देताना मीठ चोळायचा, "नझीर, तुजे राजे हल्ली हात पन दाखवीत नाय रे." नझीर चहा घ्यायचा आणि शिवी द्यायचा. पालीच्या स्कूटी आणि दूधवाल्यांच्या गाड्या होत्या, पोट चालत होतं. पोटाचं दुःख नव्हतं. चारशे माणसांत आपण नट न आवळणारा मिस्त्री ठरलो, हे त्याला उठता-बसता खात होतं. दम्मामला जे बालंट दुसऱ्यावर जाताना त्याने गप्प राहून पाहिलं, ते इतक्या वर्षांनी फिरून त्याच्याच कपाळी आलं होतं, आणि या खेपेला चूक त्याची नव्हती. म्हणून राग दुप्पट.

जूनच्या तोंडाला, मंगळवारी सकाळी, तीच दोन सिलेंडरची गाडी तीन पायऱ्यांशी थांबली. हेल्मेट निघालं आणि आतून विनीतऐवजी शमिका निघाली. मनगटाला पट्टा.

"नझीरभाई, मी शमिका. विनीतची..."

"वळखलं. इथे थांबू नका असं लिवलंय ना तुमच्यात? थांबलात कशाला?"

ती ओशाळली, पण हलली नाही. "ती रेघ... तुम्ही गोल करून दाखवलेली. मी फोटो साठवून ठेवलाय. मला विचारायचं होतं, ती आपोआप तुटू शकते का?"

"नाय."

"पडल्यामुळे?"

"नाय म्हनलं ना. पाना घातल्याबिगर नाय."

शमिकाने मागच्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आदल्या दिवशी दुपारी अंगणात त्यानेच आवळली. जोर लावताना हलू नये म्हणून गाडी मीच धरली होती."

नझीरच्या हातातला पाना थांबला. ही बाई पहिल्या दिवसापासून जाणून होती. मनगट प्लॅस्टरमध्ये घालून, तो टाचलेला मजकूर रोज बघत, दीड महिना गप्प बसली होती. "मग बोला ना तिथे," तो म्हणाला.

"मी नाही बोलणार. मला त्या घरात राहायचंय, नझीरभाई. मला फक्त खात्री करायची होती."

"झाली खात्री? मग जावा."

"गाडीचा आवाज येतोय. नवी चेन बसवलीय, पण कट् कट् करते."

नझीरला तिला हाकलून द्यायचं होतं. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण त्याने वाकून चेनला बोट लावलं, तर ती कपडे वाळत घालायच्या तारेसारखी ताठ. याच्या आईला, पुन्हा टाईट! हीच बाई पुन्हा मागे बसणार, हाच घाट चढणार. "बाजूला व्हा," तो खेकसला. गाडी स्टँडवर घेतली, नट सोडला, चेन दोन बोटं सैल केली, चाक फिरवून चार ठिकाणी तपासली, नट आवळला. अर्धा तास. मग हात पुसून तो दूधवाल्याच्या गाडीकडे वळला.

"रेघ?" शमिकाने विचारलं.

"रेघ नाय."

"का?"

"ती माजी सही हाय. नावाची. नाव तुमच्या घोवाने त्या ग्रुपवर टाचून ठेवलंय. तिथून सोडवून आना, मग मारतो."

तो पाठमोरा होऊन प्लग काढत बसला. ती जाईल, गाडी सुरू होईल, असं तो ऐकत होता. गाडी सुरू झाली नाही. मागून तिचा आवाज आला, एकेक शब्द सुटा. "मी शमिका. विनीतची बायको. नझीर मिस्त्रींनी चेन बरोबर लावली होती. निघायच्या आदल्या दिवशी ती विनीतने घरी आवळली. गाडी मी धरली होती. पालीला थांबत जा."

नझीर वळला. ती फोन हातात धरून उभी होती. मिनिटभर गेलं असेल नसेल, फोन वाजला. तिने पाहिलं आणि पडदा त्याच्यासमोर धरला. नझीरने चष्मा नाकावर ओढून सावकाश वाचलं. विनीत यांनी तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकले.

"मलाही काढलं," शमिका म्हणाली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाच ठरवता येत नव्हतं.

नझीर हसला नाही. आभारही मानले नाहीत. ते त्याच्या खानदानात नव्हतं. त्याने कपाटातून बाटली काढली, गाडीशी उकिडवा बसला आणि नटावरून चिमट्यापर्यंत रेघ ओढली, नेहमीपेक्षा जाड. "धा मिनिटं सुकू दे," तो म्हणाला. "हात लावू नका. तिथे बसा." आणि स्वतःचं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं.

ती गेल्यावर त्याला पुन्हा राग आला, आणि आता तो तिच्यावरच. दीड महिना घेतला तिने, पण केलं. मोडक्या मनगटाने, घर पणाला लावून केलं. यासीनपुढे त्याला बावीस वर्षांत जमलं नव्हतं. दूधवाल्याची गाडी उघडीच होती. प्लग फडक्यावर पडला होता. नझीरने तो उचलला, परत ठेवला, मग शटर ओढलं. भर मंगळवारी शटर पडताना पाहून गंगाराम किटली घेऊन बाहेर आला.

नझीरने कुलसुमला फोन लावला. "जेवायला थांबू नको. मिरकरवाड्याला जातोय, यासीनकडे."

"आज काय ईद हाय काय?" ती म्हणाली.

"नाय," तो म्हणाला. "एक नट बघायचा राहिलाय."