वर्धेला नसलेली वर्धा

वर्धा नदीचा फोटो दाखवून जवळचं स्टेशन विचारलं की बहुतेक लोक छातीठोकपणे 'वर्धा' म्हणतात आणि चुकतात. वर्धा स्टेशनजवळ वर्धा नदी नाहीच. मुंबईकडे जाताना ती लागते पुढे, पुलगावला. बियाण्यांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करताना या एका प्रश्नावर मी भल्याभल्यांना तोंडघशी पाडलं.

लेक लहान असताना मी फिरतीवरून तिच्यासाठी असेच फोटो आणायचो. स्टेशनच्या पाटीचा फोटो काढायचा नाही, पाटी काय कोणीही वाचेल. जवळच्या नदीचा काठ, त्यावरच्या बाभळी, वाळू, धुणं धुवायचे दगड, एवढ्यावरून तिनं स्टेशन सांगायचं. मोर्णा दिसली की अकोला, वेणा दिसली की हिंगणघाट. ती चुकली की मी चिडायचो आणि बायको माझ्यावर चिडायची.

यंदा लेकीनं मलाच परीक्षेला बसवलं. ती बुटीबोरीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. तिथून दोन नव्या नोकऱ्या चालून आल्या, एक पुण्याला आणि एक हैदराबादला. मी अर्थातच पुण्याच्या बाजूनं. पुण्यात माझी बहीण आहे, घर आहे, भाषा आपली आहे. हैदराबादला आपलं कोण? हे मी तिला जेवताना ऐकवलं, टीव्ही बघताना ऐकवलं, ती दात घासत होती तेव्हा दाराबाहेर उभं राहून ऐकवलं.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुमी फलाटावरबी हेच सुरू करून द्याल. म्हणून स्टेशनवर येऊच नका. कुठं चालली ते रस्त्यात कळवीन. फोन करू नका, नदीचा फोटो टाकीन."

आणि सकाळी मैत्रिणीच्या स्कूटरवर बॅग ठेवून निघून गेली.

सेवाग्रामपर्यंत दोन्हीकडच्या गाड्या एकाच रुळांवरून जातात. तिथून पुण्याची पश्चिमेला वळते, हैदराबादची दक्षिणेला. तोपर्यंत काही कळणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी गाडी सुटायच्या आधीपासून मी फोन हातात घेऊन बसलो. बसलो म्हणजे काय, गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत चकरा मारत राहिलो. बायको मेथी निवडत होती. "एका जागी बसा नं," ती म्हणाली. "मले गरगर होऊन राहिली."

पुलगाव यायला हवं होतं तेव्हा काही आलं नाही. गाडी लेट असेल, मी म्हणालो. सिंदीला बाजूला काढून ठेवली असेल, मालगाड्या काय कमी आहेत त्या लाइनवर. जेवण झालं, माझं नावालाच झालं, आणि मग फोटो आला. काळ्या खडकांत अडकलेलं पाणी, वाळूचा पट्टा, पलीकडे बाभळी.

वर्धा नदी! मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. घरच्या ग्रुपवर बहिणीनं लगेच लिहिलं, "वर्धा स्टेशन?" मी हसलो आणि खाली लिहिलं, "पुलगाव." एवढ्यावर थांबलो नाही. बहिणीला फोन लावून मागची खोली रिकामी करायला सांगितली.

तेवढ्यात लेकीचं उत्तर आलं. "चूक, बाबा. अजून एक चान्स."

मी फोटो मोठा करून पाहिला. नदी वर्धाच होती, यात शंका नव्हती. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. तीच नदी पुलगावहून खाली जाते, वळसे घेत चंद्रपूरकडे येते आणि बल्लारशा सुटलं की दक्षिणेकडच्या गाडीला भेटते. वाटेत हिंगणघाटची वेणा लागली असणार. तिचा फोटो टाकला असता तर मी तेव्हाच ओळखलं असतं. पोरीनं ती मुद्दाम सोडून दिली होती.

मला राग आला. मग राग ओसरला आणि भीती तेवढी उरली. मी 'बल्लारशा' लिहिलं आणि पुसलं. ते पाठवलं की तिचं हैदराबाद माझ्याच हातानं पक्कं होणार होतं. मी खाली जाऊन कोपऱ्यावर चहा घेतला, परत आलो, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

बायको समोर येऊन उभी राहिली. "काहून वं?" मी विचारलं.

"नदी ओळखू नाही येऊन राहिली, का ओळखाची नाही तुमाले?"

"तुले माहीत होतं काय?"

"तिनं सांगतलं नाही. पण तुमी पुणं म्हणून राहिले होते, तवा ती ताटाकडं पाहे. मले तवाच समजलं."

मी ताटाकडे पाहणारी लेक कधी पाहिली नव्हती. मी बोलत होतो ना. 'बल्लारशा' लिहून पाठवून दिलं. "बरोबर," तिचं उत्तर आलं, आणि पुढे एक हसरा चेहरा. मग बहिणीला फोन करून खोलीचं राहू दे म्हणून सांगितलं. ते फार जड गेलं.

ऊन उतरत आलं तेव्हा दुसरा फोटो आला. नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ धूसर दिसत होता. गोदावरी असणार, एवढा अंदाज आला. पण कंपनीनं मला दिलेला भाग बल्लारशाला संपायचा. तिथल्या वर्धेवरच्या पुलापलीकडे मी कधी गेलोच नाही. फोनवर नकाशा उघडून स्टेशन शोधता आलं असतं. मी तो उघडला नाही.

"ही मले नाही येत," मी लिहिलं. "तूच सांग."