देवाची तगर, झोपेची तगर

बाबांची नाइट असते त्या आठवड्यात आमच्या घरात निजायची वेळ सकाळची. धरमतरच्या खाडीवर एका ठेकेदाराची क्रेन आहे, बार्जमधून माल उतरवणारी. ती बाबा चालवतात. सकाळी मोटरसायकलवरून पेणला येतात, आंघोळ करतात, भाकरी खातात, आडवे होतात आणि सताड उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे बघत राहतात. शेजारी गणपतीचा कारखाना. तिथे मूर्तींना पॉलिश पेपर मारायला लागले की बाबा आतून ओरडतात, "आता सोंड घासतायत!" नुसत्या आवाजावरून त्यांना अवयव कळतो.

हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग गेल्या हिवाळ्यात एकदा बाबा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून घरी आले. "गाडी घसरली," म्हणाले. आईने पँटवरचा चिखल बोटावर घेतला. ती मिठागरवाल्यांची लेक.

"हा रस्त्यावरचा नाय, मिठागरातला हाय. गाडीवर डुलकी लागली ना?"

संध्याकाळी तेच हात परत क्रेनवर जाणार होते, आणि क्रेनखाली माणसं उभी असतात. आईने गाडीची चावी मागितली. बाबांनी ती दिली नाही, पण झोप लागत नाही हे मात्र पहिल्यांदा कबूल केलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असत्या, पण बाबांना तत्त्व आडवं आलं. "आधी ठेकेदार आमची झोप खाणार, मग औषधवाला आम्हालाच झोप विकणार! दोघांचाही धिक्कार असो!" वाक्य फक्कड होतं. मी दाद दिली. आमचं घरच तसलं. बाकीची मुलं कमळ, बदक वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर युनियनच्या मागण्यांची जुनी पत्रकं अंथरलेली असत, आणि डबा उचलला की खाली एखादा लढा निघायचा. आजही मला साधा निरोप लिहिता येत नाही. 'येताना दूध आणा' यापुढेही उद्गारचिन्ह पडतं.

तर झोपेच्या या प्रश्नावर रोह्याच्या आत्याचा फोन आला.

"वहिनी, दादाला तगरीची मुळी दे गो. ठेचायची, गरम पाण्यात झाकून ठेवायची, गाळून प्यायची. माझी सासू आता पहाटेपर्यंत घोरते. मला झोप नाय तिच्या घोरण्यानं, ते सोड."

आईने खिडकीतून बाहेर पाहिलं. दारात तगर. पांढऱ्या फुलांनी भरलेली. रोज सकाळी देवाला आमच्याकडे तीच जाते. मला तर भाषणच सुचलं. बघा, बाजार आपल्याला लुटत असतो आणि उपाय आपल्याच दारात उभा असतो! आई म्हणाली, "भाषण राहू दे, पहार आण."

मुळी निघाली. तुटल्यावर तिच्यातून पांढरा चीक आला, तेव्हा आई क्षणभर थबकली. पण नणंदेने सांगितलं होतं आणि लेकीने भाषण केलं होतं. मुळी ठेचून झाली, पाणी झाकून झालं. बाबा अंथरुणात कप घेऊन बसले. आईला एवढा अभिमान वाटला की तिने आत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल दाराबाहेरच्या झाडाकडे धरला.

"बघ, तुझी तगर."

"अगो वहिनी, ही काय उपटलीस?"

"तगर!"

"ही देवाची तगर! मी औषधवाली सांगितली, दुकानात मिळते ती! दादा, ठेव तो कप! ही पिऊन झोपलास तर उठशील का नाय, कोणाला ठाऊक!"

बाबांनी कप लांब धरला. "मी फक्त फुंकर मारत होतो," ते म्हणाले.

औषधी तगर ही निराळीच वनस्पती, लांब हिमालयाकडची. इंग्रजीत तिच्या जातीला व्हॅलेरियन म्हणतात. आमच्याकडे मात्र तगर म्हटली की दारातलीच.

मी रोह्याला गेले. काष्ठौषधींच्या दुकानदाराने पोत्यातून सुकी, वेडीवाकडी मुळं काढली. वास असा, की पावसाळ्यात न वाळलेले मोजे कुणी जपून ठेवलेत. "वासावर जाऊ नका," तो म्हणाला. "थोडीच घ्यायची. आणि घेतल्यावर गाडी चालवायची नाय, मशीनवर बसायचं नाय." परतीच्या पॅसेंजरमध्ये समोरच्या गृहस्थांनी आधी सीटखाली वाकून पाहिलं, मग हळूच स्वतःचा बूट हुंगला. मी गंभीर चेहऱ्याने वर्तमानपत्र वाचत होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नाक दाबून तो चहा घेतला. "यापेक्षा जागा राहीन," म्हणाले आणि आडवे झाले. तेवढ्यात फोन वाजला.

हा फोन आमच्या ओळखीचा होता. ठेकेदाराचा सुपरवायझर. माणूस कमी पडला की तो बाबांना दुपारच्याच शिफ्टला बोलवायचा, आणि बाबा जायचे. आपण नाही म्हटलं तर दुसऱ्या ऑपरेटरला डबल पडेल, आणि त्याच्या घरी तान्हं मूल आहे, हे त्यांचं तत्त्व. त्यामुळे फोन येवो न येवो, पडल्या पडल्या त्यांचा एक कान फोनकडेच असायचा. यावर मी पत्रक लिहिलं होतं, 'विश्रांती हा आमचा हक्क!' सुपरवायझरने ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "भाषा छान आहे हां."

त्या दिवशी फोन आईने उचलला.

"ते तगर घेऊन झोपलेत. ती घेतल्यावर मशीनवर बसायचं नाय असं दुकानदारानं सांगितलंय. तुम्ही बसवणार असाल तर तसं लिहून द्या."

पलीकडून घाईघाईने आलं, "नको नको वहिनी, झोपू दे त्यांना."

बाबा उठून बसले होते. "अगो, त्या दुसऱ्या ऑपरेटरला डबल पडेल."

"त्याच्या बायकोला मी कालच सांगून ठेवलंय. ती पण हेच सांगणार हाय. मग साहेब तिसरा माणूस ठेवतील. निजा आता."

मी पत्रकात सगळं मागितलं होतं, एक तिसरा माणूस सोडून. बाबा काही तरी तत्त्वाचं बोलू पाहत होते, पण वाक्य अर्ध्यातच राहिलं. ते झोपले होते. चहाने, की फोन आटोपल्याने, ते मला सांगता येणार नाही.

आठवड्याभरात तिसरा माणूस खरंच आला. त्यानंतर सुपरवायझरचा पुन्हा फोन. आईने तो स्पीकरवर घेतला. मी लढायला तयारच होते.

"वहिनी, ती तगर मिळते कुठं?" आवाज खाली गेला होता. "ठेकेदार मला पण कधीही उठवतो."

मी हातानेच आईला नको नको म्हणून खुणावलं. हा ठेकेदाराच्या बाजूचा माणूस! आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं, रोह्याच्या दुकानाचा पत्ता नीट समजावून सांगितला आणि म्हणाली, "पण भावजी, ती घेतली की फोन बंद ठेवायचा. तुम्हाला कोणी करायचा नाय, आणि तुम्ही कोणाला करायचा नाय."

"व्हय वहिनी," तो म्हणाला.