साडेचौदा तासांची बैठक

मास्तरांनी छत्तीस वर्षं उभ्यानं काढली होती. कपडे शिवणारे बसतात, कापणारा उभा राहतो. आणि मास्तर कापणारे. जेवायचेसुद्धा टेबलाच्या कडेला डबा ठेवून, उभ्या उभ्या. कंबरेला आता दुसरं काही मानवत नव्हतं. पाच तासांच्या वर सलग बसलं की डावा पाय आपला राहायचा नाही.

मुलीचा फोन आला आणि हीच कंबर आडवी आली. तिला आठवा सरत आला होता. आई जाऊन चार वर्षं झालेली. "बाबा, तुम्ही या," एवढंच ती म्हणाली. तिचं शहर अकरा हजार सातशे किलोमीटरवर. थेट विमानानं साडेचौदा तास.

"बघतो," मास्तर म्हणाले.

त्यांच्या 'बघतो'चा अर्थ ती लहानपणापासून ओळखून होती. तिनं विषय बदलला, आणि ते मास्तरांच्या जिव्हारी लागलं.

रविवारी दुकान बंद. विमानातली खुर्ची सतरा इंच रुंद असते असं त्यांनी ऐकलं होतं. बाकावर मापून खडूच्या दोन रेघा मारल्या, गुडघ्यांपुढे चार बोटं सोडून कापडाचे तागे रचले आणि सकाळी सहाला मध्ये जाऊन बसले.

नऊला थोरली बहीण डबा घेऊन आली. "हे काय रे?"

"विमान."

"कुठवर आलंय?"

मास्तरांनी मनाशी गुणाकार केला. "चोवीसशे किलोमीटर झाले."

"मग खाली वाकून बघ, अक्कल दिसतेय का कुठे." ती स्टूल ओढून बसली. "विमानात उठता येतं म्हणे."

"पाच मिनिटं फेरी मारायची नि पुन्हा बसायचं. मला निदान तासभर उभं राहावं लागतं, ताई."

"खरं सांग. भीती कंबरेची, की बाळंतपणाला बाप गेला म्हणून लोक हसतील याची?"

"कंबरेची. लोकांची मापं मी घेतलीत."

साडेअकराला ते उठायला गेले आणि पायानं दगा दिला. ताग्यांसकट कोसळले. ताईनं दंडाला धरून उठवलं. "समुद्रात पडलास," ती म्हणाली, पण हसली नाही.

मग टेबलाला टेकून त्यांनीच मुलीला फोन लावला आणि होतं ते सांगितलं.

"बसवत नाही म्हणून? मला वाटलं, तुम्हाला यायचंच नाहीये." तिनं नाक ओढलं. "किती तास बसवतं?"

"पाच. रेटून साडेपाच."

ती काहीतरी शोधत राहिली. दोन ठिकाणी विमान बदललं तर पाच-सव्वापाच तासांचे तीन टप्पे होत होते. अंतर हजारभर किलोमीटरनं वाढणार, आणि मधल्या थांब्यांसकट लागणार दीड दिवस.

"दीड दिवस?" ताई मागून म्हणाली. "पोहोचेपर्यंत नातवंड चालायला लागेल. आणि दोन्हीकडे इतका वेळ उभा राहून करणार काय तू?"

"येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कोट बघेन. खांद्यात कोण चुकलंय ते."

सोमवारी तिकिटांच्या ऑफिसातल्या मुलीनं कागदावरचा मार्ग दोनदा वाचला. "काका, थेट विमान आहे की. हे कशाला?"

"ते मला लांब पडतं," मास्तर म्हणाले, आणि लेकीच्या बाळंतपणाच्या तारखेच्या दहा दिवस आधीचं तिकीट मागितलं.