साखळीतला शेवटचा फोन

पाटीकाका फक्त शनिवारी दाढी करायचे. इतर सहा दिवस गालांवर जे उगवेल ते उगवो. शनिवारी मात्र नऊला गरम पाणी, नवं पातं, धुतलेला शर्ट, आणि दहाच्या ठोक्याला माणूस फोनशेजारच्या स्टुलावर हजर. कुठे जायचं नसायचं. कोणी येणारही नसायचं. फोन यायचा, एवढंच. फोनवरून दाढी दिसत नाही हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. पण सांगणारं कोणी घरात असतं, तर दाढी रोजच झाली असती.

काका पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या. गावातल्या निम्म्या दारांवर त्यांचं अक्षर होतं. मग छापील फलक आले आणि काकांचे ब्रश डब्यात उभे राहून वाळले. लग्न करायचं राहून गेलं होतं. का राहिलं, यावर गल्लीत तीन कहाण्या होत्या आणि तिन्ही ऐकायला झकास होत्या, पण खरी बहुधा चौथीच असावी. एक बहीण होती लांबच्या गावी, ती वर्षातून दोनदा फोन करून "जेवतोस ना नीट?" विचारायची आणि उत्तराआधी ठेवून द्यायची. बाकी होता तो सेवा क्लब.

क्लब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा एक हॉल, तीस घडीच्या खुर्च्या आणि समाजाचं भलं करायची हौस. वर्षातून एकदा डोळे तपासणीचं शिबिर, दोनदा रक्तदान, आणि बसथांब्यांवर बाक बसवणं. बाकांवरची नावं काका रंगवायचे. या क्लबची एक जुनी पद्धत होती, तिला सगळे साखळी म्हणत. दर शनिवारी सकाळी अध्यक्ष पहिल्या सभासदाला फोन करून आठवड्याचा निरोप सांगत. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, असं करत निरोप अठराव्यापर्यंत जायचा. अठरावे म्हणजे पाटीकाका. त्यांनी उलट अध्यक्षांना फोन करून म्हणायचं, "निरोप पोहोचला." की साखळी पूर्ण.

गंमत अशी, की प्रत्येकाकडे फक्त पुढच्याचा नंबर असायचा, एका चिठ्ठीवर. पूर्वी सगळ्यांना सगळी यादी मिळायची. ती एका विमा एजंट सभासदाच्या हाती लागली आणि त्याने पंधरा दिवसांत सतरा जणांकडे त्यांच्या मरणाची आपुलकीने चौकशी केली. तेव्हापासून चिठ्ठी.

काकांना फोन करायच्या त्या हेडबाई. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, साखळीत सतराव्या. निरोप असायचा दोन ओळींचा आणि फोन चालायचा चाळीस मिनिटं. बाई त्यांना कोणत्या पाटीची कुठली वेलांटी चुकलीय ते सांगायच्या, काका बाईंना कुठल्या दुकानाचा मालक कसा कंजूष होता ते सांगायचे. बाईंचा गुडघा, काकांचा खोकला, मधेच दोघंही गप्प. एकमेकांच्या घरातलं घड्याळ ऐकू यायचं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जिन्याला नकार दिला तशी बाईंनी सभेला यायचं बंद केलं, आणि समोर असताना जी दोन माणसं "काय, बरंय ना?" यापलीकडे कधी गेली नाहीत, ती फोनवर मात्र वीस वर्षं बोलत राहिली. तिकडे अध्यक्ष निरोप परत यायची वाट बघून कंटाळायचे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, ताटकळत बसणं हे काम एरवी त्यांचे पेशंट करायचे. "साखळी सतरा आणि अठराच्या मध्येच गंजते," असं ते सभेत म्हणायचे आणि हॉलभर खसखस पिकायची. काकांचे कान लाल व्हायचे.

मग वार्षिक सभेत नवी चिटणीस उभी राहिली. मुलगी हुशार, संगणकाचा क्लास चालवणारी. म्हणाली, "आता निरोप मोबाइलवरच्या ग्रुपात टाकू. एका सेकंदात सगळ्यांना. ज्यांच्याकडे तसला मोबाइल नाही त्यांना वार्तापत्र टपालाने जाईलच. साखळी बंद करायला कोणाची हरकत?"

सगळे हात वर गेले. काकांचा हात मांडीवर होता. शेजारचा गॅरेजवाला त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसला आणि कुजबुजला, "काय काका, तुम्हाला अवघड जाणार."

आणि काकांनी हात वर केला. चांगला सरळ, वर्गातल्या हुशार पोरासारखा.

पुढच्या शनिवारी काकांनी दाढी केली. सवय. दहाला स्टुलावर बसले. साडेदहा झाले. अकराला रिसीव्हर उचलून आवाज येतो का बघितला, येत होता. चुकून नीट ठेवला गेला नसेल म्हणून पुन्हा नीट ठेवला. बाईंकडे आपला नंबर आहे, वीस वर्षं त्यांनी तोच फिरवलाय. क्लबचा निरोप नसला म्हणून काय झालं? त्या करतील. पुढचाही शनिवार तसाच गेला. त्याच्या पुढचाही. चौथ्या शनिवारी दाढी करताना त्यांना आरशात एक बावळट म्हातारा दिसला आणि त्यांच्या मनात एकदम आलं, की बाई वीस वर्षं नुसतं क्लबचं काम करत असतील तर? शाळेत हजेरी घ्यायच्या तसं?

हे एकदा डोक्यात शिरलं ते जाईना. विचारायचं तर फोन हवा, आणि काकांकडे बाईंचा नंबरच नव्हता. फोन नेहमी तिकडून इकडे यायचा. काकांच्या चिठ्ठीवर होता एकच नंबर, अध्यक्षांचा. आता अध्यक्षांना "हेडबाईंचा नंबर द्या" म्हणायचं म्हणजे सोमवारपर्यंत अख्ख्या गावाच्या दाढा हसतील.

पाचव्या शनिवारी काकांनी एक थाप ठरवली. तीन वेळा आरशासमोर म्हणून बघितली आणि अध्यक्षांना फोन लावला.

"डॉक्टर, हॉलसाठी बोर्ड करायचा म्हणतोय. साखळीतली सगळी नावं, क्रमाने. आठवण म्हणून."

"वा. मग चिटणीसबाईंकडून ग्रुपातली नावं घ्या की."

"त्यात क्रम नसतो. तुम्ही आपला पहिला नंबर द्या, पुढचं मी एकेकाला विचारत जातो."

"काका, सोळा-सतरा फोन करावे लागतील तुम्हाला."

"मला काय घाई आहे?"

हे मात्र खरं होतं.

पहिला गॅरेजवाला. त्याने चिठ्ठी केव्हाच हरवली होती, पण नंबर गॅरेजच्या भिंतीवर ग्रीसने लिहिलेला होता. तो वाचून दाखवता दाखवता त्याने सांगितलं, की मुलगी परदेशी शिकायला गेली आणि आता गाडीचा हॉर्न वाजला तरी बायको दार उघडून बघते. दुसऱ्याने पाच मिनिटं काकांना ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर पंधरा मिनिटं सोडलं नाही. त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि क्लबात कोणी विचारलं नव्हतं. "ग्रुपात टाकलं होतं मी," तो म्हणाला, "सगळ्यांनी अंगठा दाखवला." विमा एजंटही मधे लागला. त्याने काकांच्या तब्येतीची चौकशी केली आणि काकांनी जुन्या अनुभवाने तिला उत्तर दिलं नाही.

अकरावी होती केकवाली वहिनी, बेकरी चालवणारी. चिठ्ठी शोधावी लागली नाही तिला.

"नंबर पाठ आहे हो. ग्रंथपालकाकांचा. मी अजून करते त्यांना दर शनिवारी."

"अजून? साखळी तर बंद झाली."

"झाली ना. पण ते वाट बघतात. फोन करायला ठराव लागतो का?"

काकांनी नंबर उतरवून घेतला. म्हणजे ज्यांना करायचा होता ते करत होते. त्यांनी चहा करून घेतला, प्यायला विसरले, आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसले. आता हा शेवटचाच फोन, मग थांबावं, असं त्यांना वाटलं. पण बारावा ग्रंथपाल म्हणाला, "तुमच्या बोर्डावर माझं नाव जरा ठळक काढा," आणि बोर्डच नसलेल्या माणसाला नाही म्हणता आलं नाही.

तीन वाजता सोळावा लागला. नळदुरुस्तीवाला. कुठल्यातरी घरात ओट्याखाली आडवा होता, मागून पाणी ठिबकत होतं.

"हेडबाईंचा ना? थांबा, चिठ्ठी पेटीच्या झाकणाला चिकटवलीय." आकडे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बाई रागावल्यात पण. गेल्या महिन्यात नळ बघायला गेलो होतो. समोर वार्तापत्र पडलेलं. मला म्हणाल्या, 'ठराव एकमताने मंजूर, असं छापलंय. एकमताने म्हणजे सगळ्यांनी ना?' म्हटलं, हो बाई, सगळ्यांनी. तर म्हणाल्या, 'बरं.' बास. चहापण दिला नाही मला."

फोन ठेवल्यावर काकांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला. या हाताने आयुष्यभर लोकांची नावं काढली, तो एकदाही थरथरला नाही. आणि ऐन वेळी एका गॅरेजवाल्याच्या हसण्याला भिऊन हाच वर गेला.

नंबर फिरवताना शेवटचा आकडा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा वाजला. सहा वेळा वाजला.

"कोण?"

"मी. पाटीवाला."

पलीकडे फक्त घड्याळ ऐकू आलं. ओळखीचं.

"नंबर कुठून मिळाला?" बाईंनी विचारलं.

"साखळीतून. पहिल्यापासून."

"म्हणजे सोळा जणांना फोन केलेत?"

"सतरा. डॉक्टर धरून."

"आणि कारण काय सांगितलंत त्यांना?"

"बोर्ड रंगवतोय म्हणून."

"रंगवताय?"

"नाही."

बाई हसल्या असाव्यात, किंवा नुसता श्वास सोडला असेल. मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "हात वर केला होतात तुम्ही?"

"केला होता."

"का?"

"लोक हसत होते."

"आमच्या चौथीतली पोरं असं कारण द्यायची. मी त्यांना बाकावर उभं करायची."

"उभाच आहे," काका म्हणाले. खरंच उभे होते. स्टूल मागे सरकलं होतं, केव्हा ते त्यांना कळलं नव्हतं. "मला वाटलं, तुम्ही नुसतं क्लबचं काम करत होतात."

"मलाही तेच वाटलं, तुम्ही नुसतं ऐकून घेत होतात." मग त्या म्हणाल्या, "उशीर केलात हो. या महिनाअखेर मी भाचीकडे चाललेय, कायमची. तळमजल्यावर खोली आहे तिच्याकडे, जिने नाहीत. हा फोन बंद करायला अर्ज दिलाय कालच. तिथे मला मोबाइल घेऊन देणार आहेत म्हणे. ग्रुपातसुद्धा घालतील."

"ग्रुपात मी नाही."

"माहितेय मला."

दोघांची घड्याळं जरा वेळ चालत राहिली. काकांचं थोडं मागे होतं.

"म्हणजे या फोनवरचे शनिवार किती राहिले?" काकांनी विचारलं.

"दोन."

"दोन्ही वेळा मी करीन. दहाला."

"करा. आणि तो बोर्ड रंगवा आता. सतरा माणसांशी खोटं बोललात. माझ्या नावातल्या वेलांटीकडे बघा, तुम्ही ती नेहमी आखूड काढता."

काकांनी फोन ठेवला. मग वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी अध्यक्षांना फोन लावला.

"डॉक्टर, निरोप पोहोचला."

"कसला निरोप? काका, साखळी बंद केलीय ना आपण. तुम्हीच तर हात वर केलात."

"हो. पण पोहोचला."

या वेळी डॉक्टरांना विनोद सुचला नसावा. "बरं," ते म्हणाले, "सतरा आणि अठराच्या मध्ये फार वेळ गेला का?"

"वीस मिनिटं. कमीच पडली."

त्या संध्याकाळी काकांनी माळ्यावरून फळी काढली, घासली, पांढऱ्या रंगाचा हात दिला. वाळलेले ब्रश तेलात घातले. रात्रीपर्यंत मऊ होतील असे काही ते नव्हते. फळीवर पेन्सिलीने अठरा रेघा आखल्या. सतराव्या आणि अठराव्या रेघेत अंतर जरा कमी पडलं, पण काकांनी ते पुसून नीट केलं नाही.